मानवत रोडला क्रॉसिंग

रात्री बाराच्या आत यादी पाठवायची.
नावं बारा. माझ्या वहीत तेरा.
भक्कड शेठ फोनवर सळईचा भाव सांगतात,
टनामागं आठशेनं उतरला म्हणतात,
आणि त्याच दमात,
"त्या बोईनवाडचा गुडघा अजून किती साल चालंल?"

मी संघाचा मॅनेजर. म्हणजे बूट मोजणारा,
बर्फाच्या पिशव्या आणणारा,
कराराच्या पानापानावर सह्या घेणारा.
अंगद बोईनवाड, सहा फूट सात इंच, वय एकतीस,
दोन वर्षांचा करार, दुसरं वर्ष आमच्या मर्जीवर:
हे कलम मीच त्याला वाचून दाखवलं होतं
मोती तलावाच्या बांधावर, मोसंबी सोलत.
"मर्जी म्हंजी कोणाची? तुमची का देवाची?"
मी म्हणालो, शेठची.
"मंग ठीकाय," म्हणाला, न् फोड पुढं केली.

नांदेडवाले बदल्यात एक पोरगं द्यायलेत.
तौसिफ मोमीन, बावीस वर्षांचा, पायात स्प्रिंगा,
पगार आपल्या गड्याच्या निम्मा.
कोच म्हणाले, डोळे झाकून घे.
मी डोळे उघडे ठेवून आकडे मांडले.
आकडे खोटं बोलत नाहीत:
रिबाउंड नऊवरून पाचावर,
उडी दर सामन्याला थोडी उशिरा.
पण दुसऱ्याला वाट मोकळी व्हावी म्हणून
जो आडवा उभा राहतो न् छातीवर धक्का घेतो
त्याचा रकानाच नाही वहीत.
लेकीला त्यानं परवाच इथं पहिलीत घातलंय,
भरलेली फी परत मिळत नाही,
त्याचाही नाही.

अकरा चाळीसला मी त्याचं नाव खोडलं.
खोडलं म्हणजे काय, एक बटण दाबलं.
तेव्हा एमआयडीसीत कुठंतरी भट्टी ओतत होते.
आभाळ तांबडं झालं,
मग पुन्हा होतं तसं.

सकाळी सांगायला गेलो तर हा पिशवी भरायला बसलेला.
"त्यांच्या फिजिओचा रातीच फोन आला.
गुडघ्याचे फोटू मागायलाय."
भांडला नाही. एवढंच विचारलं,
"चौदा नंबर कोणाला देणार?"
मी चहा पीत राहिलो. कप रिकामा होता.

रूळ एकेरी. जालन्याहून निघालेली
आणि नांदेडहून निघालेली गाडी
कुठंतरी एकमेकीसाठी थांबतेच.
त्या दिवशी मानवत रोडला थांबली.
हे मला तौसिफनं महिन्याभरानं सांगितलं:
दारात वाकून एक माणूस डब्यात आला,
सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, याच्या बुटांवर थांबली.
"तूच का मोमीन? ही खोलीची चावी.
गीझरचा नळ उलटा फिरतो.
मेसच्या मावशीला मीठ कमी सांग.
आन् ऐक, डावा कोपरा, भिंतीकडून तिसरी फळी,
खाली पोकळ हाय. चेंडू तिथं मरतो."
शिट्टी झाली. तो पळाला, लंगडत.

सहावा सामना. नांदेड आमच्या मैदानावर.
अंगद निळ्या बनियनीत, नंबर एक्केचाळीस.
बचावात त्यांची अदलाबदल झाली
आणि तौसिफच्या पुढं तोच आला.
पाऊल पाऊल रेटत नेऊ लागला
डाव्या कोपऱ्याकडं.
मी बाकावरून उठलो.
याला ठाऊक, त्याला ठाऊक,
याला कोणी सांगितलं तेही त्याला ठाऊक.
तौसिफ फळीच्या एक वीत अलीकडं थांबला, उडाला.
अंगदही उडाला. उशिरा.
दोन गुण आमचे.
उतरताना त्याची टाच त्या फळीवर पडली,
भद्द झालं.
तो हसला असं मला वाटलं.
मध्ये पंच होता, नीट दिसलं नाही.

रात्री शेठना म्हणालो, ती फळी बदलून घेऊ.
"औंदा नको," म्हणाले, "बजेटात बसत नाही."
वहीत लिहून ठेवलं,
चौदा नंबरच्या खाली. तो अजून कोणालाच दिलेला नाही.